वास गेला म्हणून उतरू नका



या सदरात मी बहुधा रेशनकार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पतपेढीचे व्याज असल्या कारकुनी विषयांवर लिहितो. मी बी. कॉम. झालेला, हिशेबाच्या वहीत डोके घालून बसणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबरच संपला. तरीही आज मी तुम्हाला धातूंची ऑक्साइडे, त्यांच्यावर बसणारे वायू आणि डोळ्यांना न दिसणारा प्रकाश यांविषयी सांगणार आहे. हसू नका. प्रकरण आपल्या माणसांच्या जिवाचे आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार होता. सफाळे स्टेशनपासून थोड्या अंतरावर एका इमारतीच्या मागे चार माणसे जमलेली दिसली म्हणून मी थांबलो. सेप्टिक टँक उपसायचे काम होते. आपल्याकडे तिला सगळे 'सेफ्टी टाकी' म्हणतात. नावात सेफ्टी, आत मरण. ठेकेदाराने दोन पोरे आणली होती. झाकण काढून अर्धा-पाऊण तास झाला होता. ठेकेदार वाकला, टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन त्याने हुंगले आणि म्हणाला, "वास गेला. उतर रे."

पोराच्या कमरेला दोर नव्हता. तोंडावर गमछा होता. मी पुढे होऊन थांबवले. ठेकेदार माझ्यावर रागावला नाही, उलट समजावू लागला. "साहेब, वीस वर्षे हेच करतोय. मघाशी वास येत होता, आता येत नाही. म्हणजे गॅस उडाला." त्याच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. त्याला तसेच वाटत होते. आणि खरे सांगायचे तर मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही. मी फक्त हट्ट धरला. इमारतीच्या सेक्रेटरींना बोलावले, मैला ओढणाऱ्या टँकरचा नंबर शोधला आणि काम थांबले. दोन्ही पोरे बादल्या उचलून निघाली. त्यातला धाकटा जाताना म्हणाला, "साहेब, आजची रोजी?"

त्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो. आधी ठेकेदाराच्या बोलण्याचे बघू.

माझी पुतणी रसायनशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि आता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. रोज सफाळ्याहून पहाटेची गाडी पकडते. रात्री ती जेवायला बसली तेव्हा मी तिला सगळे सांगितले. घास हातात धरूनच ती म्हणाली, "काका, वास गेला म्हणजे गॅस गेला असे नसते. कधीकधी गॅस वाढला म्हणूनच वास जातो."

मी वही घेऊन बसलो. पुढे लिहिले आहे ते त्या रात्रीपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत मी तिच्याकडून आणि पुस्तकांतून समजून घेतले आहे.

टाकीत, गटारात, मॅनहोलमध्ये मैला कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो खाली तळाशी साचून राहतो. त्याचे प्रमाण मोजतात 'पीपीएम'मध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. मी हिशेबनीस असल्यामुळे मला ते असे समजले : दहा लाख रुपयांच्या तिजोरीत एक रुपया म्हणजे एक पीपीएम. आपले नाक इतके तिखट आहे की दहा लाखांत एक रुपयाही नसला, काही पैसेच असले, तरी त्याला या वायूचा वास येतो. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा आहे १० पीपीएम. पण प्रमाण १०० च्या आसपास गेले की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस पाच मिनिटांत कोसळू शकतो. १००० च्या वर गेले की एक-दोन श्वासांत बेशुद्धी आणि मरण. १००० पीपीएम म्हणजे किती? दहा लाखांत हजार रुपये. शंभरात दहा पैसे! एवढ्यात माणूस जातो.

म्हणजे जो वायू थोडा असताना बोंब मारतो, तोच पुरता मारण्याइतका झाला की गप्प होतो. ठेकेदाराच्या वीस वर्षांच्या अनुभवाला जे कळले नव्हते ते हे. आणखी एक. टाकी वरून शांत दिसते, पण आत उतरून गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम वर येतो. काही लोक काडी किंवा दिवा आत सोडून बघतात. तो तर शुद्ध वेडेपणा आहे. टाकीत मिथेन वायूही असतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ असले की ठिणगीने स्फोट होतो.

मग नाकावर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर? मी हाच प्रश्न पुतणीला केला. ती म्हणाली, "कल्हईवाला आठवतो का काका?"

जुन्या वाचकांना आठवत असेल. भाता, नवसागराचा धूर आणि पितळेच्या पातेल्यावर फिरणारा कथिलाचा पांढरा हात. कथील तापवून हवेत ठेवले की त्याच्यावर राखेसारखी पांढरी भुकटी धरते. ते कथिलाचे ऑक्साइड. लोखंडाचा गंज हे लोखंडाचे ऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ते टायटॅनियमचे ऑक्साइड. या भुकट्यांच्या पृष्ठभागावर हवेतले वायू येऊन बसतात. आत मुरत नाहीत, वर चिकटतात. भाकरीवर दूध ओतले की ते आत मुरते, त्याला शास्त्रात शोषण म्हणतात. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तसे नुसते वर बसणे, त्याला अधिशोषण म्हणतात. शोषण हा शब्द आपल्या समाजाला वेगळ्या अर्थाने चांगलाच ठाऊक आहे, तेव्हा दोन्हींत गोंधळ करू नये!

तुम्ही म्हणाल, चिमूटभर भुकटीवर असा कितीसा वायू बसणार? तर ऐका. बारीक केलेल्या टायटॅनियम ऑक्साइडच्या एका ग्रॅमचे सगळे कण उलगडून मांडले तर त्यांचा पृष्ठभाग पन्नास चौरस मीटर भरू शकतो. मी लगेच गुणाकार केला : ५३८ चौरस फूट. ज्या जागेसाठी आपली पोरे विरारला वीस-वीस वर्षांचे कर्ज काढतात, तेवढी जागा एका ग्रॅमच्या पुडीत! म्हणून वायूंना बसायला तिथे भरपूर ओसरी मिळते.

आता खरा प्रश्न. हे वायूचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, मग ते भुकटीवर कुठे बसले, कसे बसले, बसल्यावर त्यांचे काय झाले, हे शास्त्रज्ञांना कळले कसे? इथे तो न दिसणारा प्रकाश येतो.

विल्यम हर्शेल हा इंग्लंडमधला संशोधक मुळात वाजंत्री. संगीतावर पोट भरता भरता तो आकाश बघू लागला. १८०० साली त्याने सूर्यप्रकाश लोलकातून पाडला आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला, आणि सर्वांत जास्त चढला. तो अवरक्त प्रकाश, इंग्रजीत इन्फ्रारेड. घरातल्या टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तो याच जातीचा. पुढे १८५९ पासून लंडनमध्ये जॉन टिंडल याने निरनिराळ्या वायूंतून हे किरण सोडून पाहिले. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असे काही वायू ते किरण गिळतात. पण ऑक्सिजन आणि नायट्रोजन जवळजवळ गिळतच नाहीत, किरण सरळ पार होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वायू किरण का गिळतात? पुतणीने ते मला आपल्या गायन पार्टीच्या भाषेत सांगितले. तुणतुण्याची तार विशिष्ट सुरातच वाजते. वायूच्या रेणूतही अणू एकमेकांना जणू तारेने बांधलेले असतात आणि ती तार आपल्या ठरलेल्या सुरात थरथरत असते. अवरक्त प्रकाशात त्याच सुराची लाट आली की रेणू ती गिळतो. म्हणून कोणती लाट कमी झाली हे मोजले की कोणता रेणू हजर आहे हे कळते. त्या सुराला आकडा आहे : एका सेंटिमीटरच्या लांबीत किती लाटा मावतात तो. कार्बन मोनॉक्साइड मोकळा असताना त्याचा सूर २१४३.

आता तुणतुण्याच्या तारेवर बोट टेकवा. सूर बदलतो ना? तसेच रेणू एखाद्या भुकटीवर जाऊन बसला की त्याचा सूर बदलतो. तोच कार्बन मोनॉक्साइड टायटॅनियम ऑक्साइडवर बसला की सूर २१८० च्या पुढे चढतो. प्लॅटिनम धातूवर बसला की उतरून २०७० ते २०९० च्या घरात येतो. म्हणजे सूर ऐकूनच सांगता येते की पाहुणा कोणाच्या ओसरीवर बसला आहे आणि घट्ट बसला आहे की नुसता टेकला आहे. भुकटीवर बसलेल्या रेणूंचे हे सूर ऐकण्याचे काम १९४० च्या दशकात रशियात तेरेनिन यांनी आणि १९५० च्या दशकात अमेरिकेत आयशेन्स यांनी नावारूपाला आणले.

प्रयोग कसा करतात हे ऐकून तर मला माझ्या खुर्चीवर बसल्यासारखे वाटले. भुकटी दाबून तिची पातळ, पापडासारखी चकती करतात. ती बंद काचेच्या कुपीत ठेवतात, तापवतात आणि आतली हवा पंपाने काढून घेतात, म्हणजे चकतीवर आधीच बसलेले पाणी आणि इतर वायू उठून जातात. मग अवरक्त प्रकाश सोडून एकदा नोंद घेतात. ही झाली आरंभीची शिल्लक. त्यानंतर मोजून थोडा वायू आत सोडतात आणि पुन्हा नोंद घेतात. ही अखेरची शिल्लक. अखेरच्या शिलकेतून आरंभीची वजा केली की मधल्या काळात पृष्ठभागावर काय जमा झाले ते कागदावर उतरते. "इतकेच?" मी विचारले. "इतकेच," ती म्हणाली, "पण आरंभीची शिल्लक चुकली तर सगळे चुकते. चकती नीट सुकली नाही तर पाण्याचाच सूर ऐकू येतो आणि आपण नाचत बसतो शोध लागला म्हणून." आमच्या हापिसातही हेच होते, असे मी मनात म्हटले.

हे काम परदेशातच होते असे समजू नका. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एन. एम. गुप्ता, व्ही. एस. कांबळे, आर. एम. अय्यर आदी शास्त्रज्ञांनी रुथेनियम धातू आणि टायटॅनियम ऑक्साइड यांच्या मिश्र भुकटीवर कार्बन मोनॉक्साइड बसतो तेव्हा क्षणभरासाठी कोणकोणती संयुगे तयार होतात, हे याच अवरक्त पद्धतीने पाहिले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात स्वित्झर्लंडमधील लोझानचे नामवंत शास्त्रज्ञ मिखाएल ग्रेट्झेल यांचीही साथ होती. पालघरहून दादरला जाणाऱ्या गाडीत दप्तर घेऊन बसलेल्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे. ट्रॉम्बे काही फार लांब नाही.

आता कल्हईवाल्याकडे परत येऊ. १९६२ साली जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा वायू ओळखणारा तुकडा शोधून काढला. त्या काळी जपानच्या घराघरांत सिलिंडरचा गॅस येऊ लागला होता आणि गळतीने स्फोट होत होते. त्यांच्या तुकड्याचे काम असे. कथिलाच्या ऑक्साइडचे कण दोनशे ते चारशे अंशांपर्यंत तापवून ठेवतात. हवेतला ऑक्सिजन त्या कणांवर येऊन बसतो आणि सावकारासारखा कणांकडचे इलेक्ट्रॉन गहाण ठेवून घेतो. कण कंगाल झाला की त्यातून वीज वाहत नाही. मग गळालेला गॅस तिथे येतो, त्या बसलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याला उठवून नेतो. गहाण सुटले! इलेक्ट्रॉन कणाकडे परत आले, वीज वाहू लागली, घंटा वाजली. आपल्या स्वयंपाकघरासाठी मिळणारी गॅसगळतीची घंटा बहुतेक वेळा याच तत्त्वावर चालते.

हायड्रोजन सल्फाइडसाठी यात एक सुंदर भर पडली. १९९१ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातील यामाझोए यांच्या गटाने कथिलाच्या ऑक्साइडमध्ये थोडे तांब्याचे ऑक्साइड मिसळले. दोन्ही एकत्र आल्यावर वीज जवळजवळ अडते. हायड्रोजन सल्फाइड आला की तांब्याच्या ऑक्साइडचे तांब्याच्या सल्फाइडमध्ये रूपांतर होते, आणि ते धातूसारखी वीज वाहून नेते. अडथळा एकदम कोसळतो. वायू गेला की हवेत पुन्हा ऑक्साइड बनते. चांदीचे पैंजण गंधकाने काळे पडतात हे आपल्या आयाबहिणींना माहीत आहे. त्यातलाच हा प्रकार, फक्त मोजून केलेला. हेवी वॉटर बनवण्याच्या रावतभाटा आणि मणुगुरू येथील कारखान्यांत हायड्रोजन सल्फाइड फार मोठ्या प्रमाणावर वापरतात. अशा ठिकाणी पहारा ठेवता यावा म्हणून भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनीही याच कथील-तांब्याच्या थरांचे संवेदक तयार केले.

पण अवरक्त प्रकाशाने यातली एक खोडही उघड केली. या वायूतले गंधक सगळेच उठून जात नाही. काही ऑक्सिजनशी जोडी करून पृष्ठभागावर ठाण मांडते. त्या जोडीचे सूर १००० ते १४०० च्या पट्ट्यात ऐकू येतात, वायू काढून घेतल्यावरही. म्हणजे तुकड्यावर गंधकाचा थर साचत जातो आणि तो हळूहळू बहिरा होतो. तुकडा वरून पहिल्यासारखाच दिसतो, दिवाही लागतो, पण वायू आला तरी तो ओरडेल याची खात्री नाही. त्यामुळे असे कुठलेही यंत्र ठराविक मुदतीत ज्ञात वायू देऊन तपासून घ्यावेच लागते. न तपासलेले यंत्र गळ्यात अडकवणे म्हणजे मंतरलेला ताईत बांधण्यासारखेच आहे. आपण ताईत सोडले, मग हा तरी का बांधावा?

कामगारांसाठी बाजारात मुठीएवढे चार वायूंचे मापक मिळते. त्यात हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांसाठी बहुधा छोटे विद्युत-रासायनिक घट असतात. मिथेनसारख्या जळणाऱ्या वायूसाठी ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा तापलेला मणी असतो किंवा सरळ अवरक्त दिवा. ऑक्सिजनचा आकडा फार महत्त्वाचा. चांगल्या हवेत तो शेकडा २०.९ असतो. १९.५ च्या खाली गेला की धोका सुरू. टिंडलची गोष्ट लक्षात ठेवा म्हटले होते ती इथे लागते. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, अवरक्त प्रकाशालाही तो दिसत नाही. तो विषारीही नाही. तो फक्त ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस झोपल्यासारखा मरतो. रासायनिक आणि औषधांच्या कारखान्यांत आग टाळण्यासाठी टाक्यांत, रिॲक्टरमध्ये नायट्रोजन भरतात. तिथे ऑक्सिजनच्या आकड्याखेरीज दुसरे काहीही माणसाला सावध करत नाही.

हे मी कोणासाठी लिहितो आहे ते आता स्पष्ट व्हावे. आपल्या भागातली किती पोरे रोज बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला जातात! बहुतेक ठेकेदाराच्या हाताखाली. जानेवारी २०२० मध्ये त्या वसाहतीतल्या एका स्फोटात आठ जणांचा जीव गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार दगावले. आणि ९ एप्रिल २०२४ रोजी आपल्या विरारमध्ये एका वसाहतीच्या मलजल शुद्धीकरण प्रकल्पात सफाईसाठी उतरलेले चार कामगार मेले. अशा घटनांत वारंवार एकच दिसते. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. माणुसकीच त्यांना मारते.

कायदा नाही असे नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा अमलात आला तो दिवस होता ६ डिसेंबर २०१३. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. त्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे संरक्षक साधने न देता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवता येत नाही. प्रत्यक्ष नाही, ठेकेदारामार्फतही नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच वर्षीच्या नियमांत साधनांची यादी दिली आहे, तिच्यात चार वायूंचा मापक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारात मेलेल्याच्या वारसांना दहा लाख देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. तीस लाख मिळतात ते माणूस गेल्यावर. मापक त्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतो, आणि तो माणूस जिवंत असताना हवा असतो. एवढा हिशेब तर बी. कॉम. नसलेल्यालाही जमावा.

हे सगळे मी आमच्या मंडळाच्या बैठकीत मांडले. म्हटले, जयंतीच्या वर्गणीतला मोठा वाटा आपण मंडप आणि आवाजावर घालवतो, त्यातून एक मापक घेऊ. एक तरुण उठला आणि म्हणाला, "मामा, मापक आला की ठेकेदार म्हणेल, आता यंत्र आहे, आता उतरा. आधी माणूस उतरवायचे बंद करा, मग यंत्राचे बोला." सभा गप्प झाली. त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि मला ते आधी सुचले नव्हते याची मला थोडी लाज वाटली. माणसाला उतरवण्याची सोय करणे हा यंत्राचा उपयोग नव्हे. उतरू नको हे सांगण्यासाठी पुरावा देणे, एवढाच त्याचा उपयोग. शेवटी असे ठरले की पहिल्यांदा मैला ओढणाऱ्या टँकरचे नंबर आणि कलम ७ चा मजकूर मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहायचा, ओळखीच्या सगळ्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना नेऊन द्यायचा. मापकाचा खर्च, आणि दरवर्षीच्या तपासणीचा खर्च, पुढच्या अंदाजपत्रकात धरायचा.

राहिला त्या धाकट्या पोराचा प्रश्न. आजची रोजी कोण देणार? त्या दिवशी मी माझ्या खिशातून काही दिले, पण ते उत्तर नव्हे हे त्यालाही कळत होते आणि मलाही. जो उपाशी आहे तो आकडे ऐकून घेतो आणि टाकीत उतरतो. म्हणून हे प्रकरण नुसते विज्ञानाचे नाही. पण विज्ञान नसेल तर ठेकेदाराच्या वीस वर्षांना उत्तरही देता येत नाही, हे मी स्वतः अनुभवले.

महिन्याभरापूर्वी तोच पोरगा मला सकाळच्या गाडीत भेटला. हातात डबा होता. बोईसरला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला होता. म्हणाला, "साहेब, तिथेपण टाकी धुवायला आत जावे लागते. काय बघू?" मी पासाच्या पाकिटातला कागद काढून त्याला पाच ओळी लिहून दिल्या. तुमच्या घरातले कोणी अशा कामाला जात असेल तर तुम्हीही त्या कापून ठेवा :

वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असे कधीही समजू नकोस.

यंत्राचा आकडा तळापर्यंत सोडून स्वतः बघ, ऑक्सिजन १९.५ च्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० च्या वर असेल तर उतरू नकोस.

यंत्र शेवटचे कधी तपासले ती तारीख विचार. तारीख सांगता आली नाही तर यंत्र नाही असे समज.

काम चालू असेपर्यंत यंत्र अंगावर चालू हवे, आत हवा सोडणारा पंखा हवा, कमरेला पट्टा-दोर आणि वर दोर धरणारा माणूस हवा.

आत कोणी पडला तर मागोमाग उडी घेऊ नकोस. ओरड, दोराने ओढ, श्वासाचे यंत्र असलेल्यांना बोलाव.

त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला. केळवे रोड गेले, पालघर आले. मग त्याने विचारले, "आणि त्यांनी 'नाही तर घरी जा' म्हटले तर?"

मी म्हणालो, "तर घरी ये. आणि येताना मला फोन कर. पुढचे आपण मिळून बघू." बोलायला सोपे होते. तो बोईसरला उतरला. अजून त्याचा फोन आलेला नाही. तो कागद अजून त्याच्या खिशात आहे आणि तो ते आकडे विचारतो आहे, असे मी धरून चाललो आहे. पुढच्या वेळी गाडीत भेटला की आधी तेवढेच विचारीन.

जय भीम.